वसूचा होकार आणि लाइटनिंग कॉल

ये गं रंजना, अशी जवळ ये. दोन वर्षांनी मावशीचं दार आठवलं, आणि आल्या आल्या मला इंटरनेट शिकवायला बसलीस. फोनच्या तारेतून पत्रं जातात म्हणे. जात असतील. पण 'त्याला सांगायचं कुणी?' असं मी विचारलं की फिदीफिदी हसायचं नाही. एका नव्या मशीनपायी तुझ्या वसूताईचं लग्न मोडता मोडता राहिलंय, आणि मोडणारी मी होते.

तेव्हा अमळनेरात आमच्या फोनला डायलच नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधली कुसुम विचारायची, "बोला अक्का, कुठला देऊ?" मी सांगायचे, "धुळ्याचा ट्रंक कॉल बुक कर." मग रिसीव्हर ठेवायचा आणि वाट बघायची. लाइन मिळाली की कुसुम घंटी द्यायची. घाई असेल तर 'अर्जंट' म्हणायचं, आणि अगदीच जीव टांगणीला लागला असेल तर 'लाइटनिंग'. दहा वर्षं मी कुसुमशी बोलले, पण तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. (तिला मात्र आमचं सगळं ठाऊक. भुसावळच्या माझ्या भावाला, आबाला, मूळव्याध झाल्याचं मला तिनेच सांगितलं.)

मग गावात नवं एक्स्चेंज आलं. एका शनिवारी लाइनमनने आमचं काळं धूड उचलून नेलं आणि बटणांचा नाजूक फोन मांडला.

"अक्का, आते मधमा माणूस नही. बठ्ठं मशीनच करस," असं म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

बठ्ठं, म्हणजे सगळं, मशीनच करतं, म्हणजे आपण काही करायचं नाही. मी तरी असाच अर्थ घेतला!

नेमकं दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत धुळ्याला वसूचा होकार कळवायचा होता. स्थळ सोन्यासारखं. मुलगा वसूला आवडलेला, वसू त्याला आवडलेली. पण मुलाच्या आईने बजावलं होतं, "रविवारी बाराच्या आत कळवा. नाहीतर आम्ही चाळीसगावची मुलगी बघायला निघतो." हो म्हणायला आठ दिवस होते. पण आबाला विचारल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि आबा शनिवार संध्याकाळपर्यंत विचारच करत बसला. तरी आमचा नवा पाच आकडी नंबर मी आधीच कार्ड टाकून धुळ्याला कळवला होता. मी काही अगदीच अडाणी नाही.

रविवारी आठ वाजता अंघोळ करून, नवं पातळ नेसून मी रिसीव्हर उचलला. आत नुसती घूंऽऽ. मी स्वच्छ आवाजात सांगितलं, "धुळं. गल्ली नंबर चार. पाटलांकडे." रिसीव्हर ठेवला आणि मशीनच्या घंटीची वाट बघत बसले.

साडेआठला घंटी नाही. पुन्हा उचलला. "अर्जंट करा."

आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, ती बटणं..."

"तुम्ही मधे बोलू नका. लाइन तुटेल."

वसू आली. "आई, मी लावून देते ना."

"लग्नाच्या मुलीने स्वतःचा होकार स्वतः कळवायचा? आत जा. पोहे कर."

नऊ वाजता मी निर्वाणीचं सांगितलं, "लाइटनिंग!" आणि या खेपेला रिसीव्हर ठेवलाच नाही. हाती आलेली लाइन जाऊ नये म्हणून घडी केलेल्या टॉवेलवर आडवा निजवला. थोड्या वेळाने तो केकाटायला लागला. मला वाटलं, धुळं लागलं. मी "हॅलो, हॅलो" करून घसा बसवला. मग तोही गप्प झाला.

शेजारची मथुरा डोकावली. "काय करी राहिनी व अक्का?"

"लाइन धरून बसलेय."

"आनि ती काय म्हनस?"

"तिला वेळ लागतोय. नवीन आहे."

अकरा वाजले तेव्हा मात्र मी पदर खोचला. मशीन ऐकत नाही तर मशीनच्या घरी जाऊन सांगू. "रिसीव्हरला कुणी हात लावाल तर खबरदार," असं दोघांना बजावलं आणि टांगा केला.

एक्स्चेंजमध्ये चपला बाहेर काढायला लावल्या. आत देवळासारखा गारवा आणि नुसती कपाटं. बोलणारं कुणी दिसेना. कोपऱ्यात तक्रारीच्या टेबलाशी एक लहानखुरी बाई बसली होती. मी तोंड उघडलं मात्र, ती उठून उभी राहिली.

"अक्का? तुम्ही?"

ती कुसुम होती. दहा वर्षांनी तिचं तोंड पाहिलं, आणि मला रडू फुटलं. माझं सगळं ऐकून तिने हसू गिळलं. "अक्का, आता आकडे आपणच दाबायचे असतात," म्हणाली आणि तिथूनच धुळं लावून दिलं. एका मिनिटात घंटी वाजायला लागली. वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा तेच. उचलायला घरात कुणी नव्हतं.

"निघाले गं चाळीसगावला," मी म्हटलं. "मी पण निघते. त्या मुलीच्या दारात उभी राहीन, पण होकार देईन."

पिशवी आणि यांना घ्यायला घरी आले, तर दारात चपलांचे सहा अनोळखी जोड. आत मुलगा, त्याचे आई-वडील, काका, सगळे पोहे खात बसलेले.

"या, विहीणबाई," मुलाची आई म्हणाली. "नऊपासून फोन लावतोय, सारखा एंगेज. म्हटलं, काही बरंवाईट झालं की काय. जीप काढली आणि आलो. वसूच्या वडिलांनी दारातच हो म्हटलं."

मी गेल्यावर पाचच मिनिटांत ही मंडळी पोचली होती. माझ्या माघारी तिथी ठरली होती, मांडव ठरला होता, मानपानाचं काही नको हेही ठरलं होतं. मी असते तर याला चार बैठका लागल्या असत्या. तीन तर नुसत्या माझ्या बोलण्याच्या.

"पण इतका वेळ तुम्ही बोलत कुणाशी होतात हो?" विहीणबाईंनी विचारलं.

हे छताकडे बघायला लागले. वसू पदराआड हसली.

"भुसावळला," मी म्हटलं. "आबाला मूळव्याध आहे ना."

धुळ्याची माणसं अजून सांगतात, वसूची आई फोनवर बसली की दोन दोन तास उठत नाही. आयुष्यभर एवढी बोलले, त्याचं काही नाही. ज्या दोन तासांत माझं कुणी अक्षर ऐकलं नाही, त्यांचंच नाव झालं.

आता निघालीसच तर नीट जा. पण येत्या आठवड्यात परत ये, जावईबापूंना घेऊन. भरताची वांगी आली आहेत, आणि इतकं भरीत मी एकटी कुणाला वाढू?