दुधाखालची टीप

माझ्या बायकोला ऑफिसात थांबाबाई म्हणतात. काम जरा पुढे सरकलं की ही म्हणणार, "थांबा, हे नीट लिहिलेलं नाही." लिहिणं हेच तिचं काम. तिची कंपनी घरखर्च मांडायचं अ‍ॅप बनवते. त्यात आता एक यंत्र-मदतनीस आला आहे. त्याला तोंडी सांगायचं, की तो तुमच्या नोंदी स्वतःच बदलतो. नोंद कशी बदलायची, कशाला हात लावायचा नाही, हे त्याला ज्या माहितीवरून कळतं ती माहिती ही लिहिते. म्हणजे तिचं लिखाण माणसं वाचतच नाहीत. मी खेळाचा मास्तर. माझं तरी पोरं कुठे ऐकतात, असं म्हणून मी तिची समजूत काढतो.

त्या रविवारी तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं. सोमवारी मदतनीस सगळ्यांसाठी खुला होणार होता. भांडी पुसता पुसता ती लॅपटॉपकडे धावायची, दोन ओळी वाचायची, ओठ चावत परत यायची आणि पुसलेलीच कढई पुन्हा पुसायची. मला ती चुळबुळ बघवेना.

"काय खुपतंय ते एकदाचं सांग!" मी ओरडलोच.

"'नोंद दुरुस्त करा' यात काहीतरी राहिलंय. काय ते सापडत नाहीये. चल, यंत्र हो."

हा आमच्या घरातला जुना जाच आहे. लिहिलेलं पारखायला ती मला टेबलाशी बसवते, पुढ्यात चिठ्ठ्या टाकते आणि सूचना वाचते. मी डोकं बाजूला ठेवून सांगितलं तेवढंच करायचं. डोकं बाजूला ठेवणं तुला जड जायचं नाही, असं वर ऐकवते.

या खेपेला तिने प्रोग्रामरला खोदून खोदून विचारलं होतं, की दुरुस्ती म्हणजे आतमध्ये नक्की काय होतं. उत्तर आलं होतं: जुनी नोंद जाते, तिच्या जागी नवी येते. तिने चिठ्ठी ठेवली. वर 'दूध', बाजूला रक्कम, खातं किराणा, खाली बारीक अक्षरात एक टीप.

"खातं बदलून 'दूध' करा. रक्कम तीच," तिने वाचलं. मी नवी चिठ्ठी लिहिली, जुनी चुरगाळून टाकली.

"आणि खालची टीप?"

"ती लिही असं कुठे म्हणालीस?"

ती पांढरीफटक पडली. साहेबाला फोन करेल असं मला वाटलं, पण तिने फोन लावला वडिलांना. घंटी वाजत राहिली.

माझे सासरे एकटे राहतात आणि त्याचा त्यांना भारी तोरा आहे. जन्मभर दुकानाचा गल्ला सांभाळला. हिशेबात लिहिलं तेच घडलं, हा त्यांचा खाक्या. रोज सकाळी दुधाची नोंद करायची आणि तिच्याच खाली टीप ठेवायची, 'गोळी घेतली'. रक्तदाबाची. पुढे गोळीची शंका आली की दुधाची नोंद उघडून बघायची. अ‍ॅप दूध किराण्यात टाकतं ते त्यांना खपत नाही, म्हणून रोज दुपारी ते मदतनिसाला खातं बदलायला लावत. चाचणीसाठी तो त्यांच्या फोनात घातला होता हिनेच.

स्कूटरवर ती मागे नुसती तळमळत होती. सिग्नलला उतरून चालायलाच लागली. मी दामटून परत बसवलं.

सासऱ्यांनी दार उघडलं. पायात बूट, खोलीच्या मधोमध बांधलेली बॅग, कुंड्या शेजाऱ्यांच्या दाराशी ओळीने मांडलेल्या.

"फोन बॅगेत गेला वाटतं," ते म्हणाले. "बरं झालं आलात. मीच निघालो होतो तुमच्याकडे. कायमचा."

"बाबा, गोळी किती वेळा घेतलीत?"

"तेच तर कळत नाही, बाळ. लिहिलंय असं शपथेवर सांगावं, आणि संध्याकाळी बघावं तर कोरं. परवा पुन्हा घेतली, तर न्हाणीघरात भोवळ आली. डोकं गेलं माझं. आता एकट्याने राहण्यात अर्थ नाही."

तिने रक्तदाब मोजला. ठीक होता. मग जिन्यात जाऊन साहेबाला फोन केला. "उद्या नाही," एवढंच मला ऐकू आलं. तेही तीनदा, चढत्या आवाजात. आत येऊन ती वडिलांच्या पायाशी बसली आणि त्यांना सगळं दाखवलं: टीप कशी पुसली जात होती, तुम्ही रोज लिहीतच होतात, तुमचं डोकं शाबूत आहे. 'बाकीचं आहे तसं पुन्हा लिहा' ही एक ओळ मी लिहायला हवी होती, असं म्हणताना तिला रडू आवरेना.

सासऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला, "असू दे गं" म्हणाले. ती तोंड धुवायला आत गेली तसे ते माझ्याजवळ सरकले.

"जावईबापू, पोरगी गुणाची आहे हो. बापाला वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेते."

आणि त्यांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती परत द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला.