रेघेत न बसलेलं गाव

मन्मथअप्पा गेले, हे नांदेडला फोनवर कळलं आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला धास्ती वाटली ती शोकसभेची. झालंही तसंच. लातूरच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघांनी संख्याशास्त्र शिकवलं, तिथंच सभा भरली आणि एका तज्ज्ञसाहेबांनी ‘अप्पा माझ्या सूत्राचे आधारस्तंभ’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. लाज कशाशी खातात, हे या माणसाला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा म्हणजे... जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. पाऊस किती पडला यावरून विहिरीत पाणी किती हे सांगणारं सूत्र साहेबांनी आणलं होतं आणि टँकर त्यावरच वाटायचे ठरले होते. आकडेमोडीला कचेरीनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. अप्पांचं म्हणणं साधं होतं, आधी एकेका विहिरीचा ठिपका कागदावर मांडू, नुसतं बघू, सूत्राचं मागून पाहू. मांडलं. बहुतेक ठिपके साहेबांच्या रेघेजवळ बसले, चाकूरकडच्या एका गावाचे मात्र पार खाली. पाऊस बरा, विहिरी कोरड्या. साहेबांनी ते मोजणीतली चूक म्हणून खोडून टाकले. या शहाण्यांच्या धंद्यात गाव चुकतं, सूत्र कधी चुकत नाही.

अप्पा मला घेऊन त्या गावात गेले. ज्या विहिरीत पोहरा सोडावा, तिथं तो दगडावर आपटायचा. असं का, ते आम्हालाही सांगता येईना. खाली खडक वेगळा असेल, उपसा जास्त असेल, काहीही असेल. कचेरीत येऊन अप्पांनी हेच सांगितलं, तर साहेब हसले. कारण ठाऊक नसताना एका गावासाठी सिद्धांत मोडत नसतात म्हणाले.

“नका मोडू साहेब,” अप्पा म्हणाले, “पन तेवढा टँकर तर धाडा. कारन आमी मागून हुडकू.”

त्यावर बैठका झाल्या. चहा-बिस्किटं झाली. टँकर गेला तेव्हा अर्धं गाव दारांना कुलपं घालून उठून गेलं होतं. साहेबांचा पुढं सत्कार झाला म्हणे. असल्या विद्वत्तेच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं, आजही.

साहेबांचं भाषण अर्ध्यात सोडून मी सभेतून उठलो आणि अप्पांच्या घरी गेलो. वहिनी परसात आडाजवळ बसल्या होत्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन अप्पा इथंच यायचे, आडात दोर सोडून पाणी किती ते बघायचे, रिटायर झाल्यावरही.

“मी इचारलं एकदा,” वहिनी म्हणाल्या, “एवढं बघून काय कळलं तुमाला? तर म्हनले, पाऊस कळतोय गं थोडा... पानी अजून कळंना.”