थोरली नर होईल का

नायगावच्या चाळीत कालिंदी परबांच्या खोलीत पलंगाला जागा नाही, खाऱ्या पाण्याच्या टाकीला आहे. टाकीत क्लीनर मासे. बोटाएवढे, काळ्या पट्ट्याचे, निळसर. समुद्रात मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे टिपून हे जगतात. दुकानातल्या काचेच्या टाकीत किडे कुठले? बिचारे उपाशी मरतात आणि दुकानदार खुशाल समुद्रातून नवे उपसून आणतो. कालिंदीचं डोकं यावरच फिरलेलं. म्हणून तिने आपल्या चौघांना जवळ्याच्या लगद्याची सवय लावली आणि घरीच पिल्लं काढायची असं ठरवलं.

तर एकुलता नरच मेला.

"उरल्या तीन बायका," तिचा नवरा गंगाधर म्हणाला. रिटायर हवालदार. "आता कसली पिल्लं गो?"

"थोरली नर होईल. यांच्यात मोठी मादीच नर होते."

"आणि नाही झाली तर?"

"तुम्ही गप बसा."

बोलली खरी, पण ताट तसंच सोडून टाकीपाशी जाऊन बसली. थोरलीने त्याच दिवशी बाकीच्या दोघींना दामटायला सुरुवात केली. वागणं नराचं आलं, पण पोटातलं बदललं का? रोज सांजेला ती एकीला घेऊन वर उसळी मारायची, अंडी सुटायची, आणि फळ न धरता पांढरी पडून तळाला बसायची. फुकट.

तिची तगमग बघवेना म्हणून गंगाधर दुकानातून दांडगा नर घेऊन आला.

"पिशवी झाका आधी," कालिंदीने टॉवेल फेकला. "हा दिसला तर थोरलीचं बदलणं थांबेल."

"मग परत देऊन येतो."

"तिथे मरेल तो. आणि तुम्ही पैसे मोजलेत, म्हणजे ते आणखी एक उपसणार. झाली ना समाजसेवा?"

नर मोरीत, खाऱ्या पाण्याच्या बादलीत गेला. जवळ्याला तोंड लावेना. कालिंदी टाकीपासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालू लागली. खात्रीचा नर हाताशी होता. थोरलीच्या भरवशावर बसायचं की हा टाकीत सोडून मोकळं व्हायचं? एकदा तिने त्याला मगात घेतलंही. टाकीपर्यंत आली, आणि चरफडत मागे फिरली.

दोन दिवसांनी सांजेला थोरली पुन्हा उसळली. कालिंदीने वरचं पाणी वाडग्यात काढून भिंग लावलं. काही अंडी पांढरी, बुडालेली. काही मात्र वर तरंगत होती, शिजल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसणारी.

"झाली काय गो नर?" गंगाधर वाकून बघत होता.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. "पाणी हलतंय."