डोळे मिटून चौथा मजला

त्याला सगळे पुरावेवाला म्हणत. कुणी नुसतं 'आज गारठा आहे' म्हणालं, तरी हा गडी आधी खिडकीबाहेर हात काढून बघणार आणि मग मान हलवणार. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. छत्तीस वर्षं त्याने इमारतींच्या माथ्यावरच्या मशिनरूममध्ये काढली. दोर बोटांनी चाचपायचे, ब्रेक लावून बघायचा, आणि मगच लिफ्टमधल्या कार्डावर तारीख घालून सही ठोकायची. न तपासता केलेली एक सही दाखवा, मिशी उतरवतो, असं तो छातीठोकपणे सांगे. मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. एका पहारेकऱ्याने मशिनरूममध्ये देवाचं चित्र टांगलं, तेव्हा याने ते खाली उतरवून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, हे दोरांना ग्रीस लावणार आहे का?

एकुलत्या एका लेकीशीही त्याची हीच भाषा. सहा वर्षांची असताना तिने देव आहे का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, आहे. हा म्हणाला, कुठे? बायको हसून भाजी चिरायला लागली. लेकीने मात्र ते मनावर घेतलं आणि उठताबसता बापाला उलटे प्रश्न विचारायला लागली. याला कोण अभिमान! आणि का नसावा? शेजारची पोरं पाठांतर करत होती, त्याची पोर विचार करत होती.

ती नऊ वर्षांची असताना बायको आजारी पडली. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर खाट, आणि तिथली लिफ्ट याच्याच देखरेखीखालची. रोज शाळा सुटली की तो लेकीला घेऊन जाई. एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की लिफ्ट हलली की पोर डोळे घट्ट मिटते आणि चौथा मजला येईपर्यंत उघडत नाही. काय चाललंय, असं त्याने विचारलं. आई बरी व्हावी म्हणून, ती पुटपुटली.

"डोळे उघड," तो म्हणाला. "ही लिफ्ट ग्रीसवर चालते आणि तुझी आई औषधावर. मिटलेल्या डोळ्यांनी काही होत नसतं."

तिने डोळे उघडले. पुन्हा कधी मिटले नाहीत. बाराव्या दिवशी आई गेली.

पुढे लेक अबोल झाली, शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. आणि स्वतःच्या मुलीला तिने बोलता यायच्या आधी हात जोडायला शिकवलं. नाकावर टिच्चून करते, बापाचाच हट्टी स्वभाव घेतलाय, असं तो चारचौघांत हसून सांगायचा. सात वर्षं त्याने हीच समजूत करून घेतली. एकदाही तपासून पाहिली नाही.

आता त्याच्याच फुफ्फुसावर डाग निघाला. इस्पितळ तेच, मजलाही तोच. लिफ्ट तेवढी नवी, आणि सुटताना हिसका देते म्हणून त्याने तिला नावं ठेवून घेतली. बरोबर लेक आणि आठ वर्षांची नात. लिफ्ट हलली आणि नातीने डोळे मिटले.

"उघड ग बाई," तो सवयीने म्हणाला. "लिफ्ट ग्रीसवर चालते."

"तिला नका सांगू." लेकीचा आवाज चढला नाही. "मी उघडले होते, बाबा. मग आई गेली."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "अगं, तिचं ठरलेलंच होतं. तू डोळे उघडलेस त्याच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांनी मला तसा कागद दिला होता."

"कुठला कागद?"

तो कागद त्याने हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली दडवला होता. जगाच्या देवाकडे पुरावा मागणाऱ्या या माणसाने घरातला एकुलता एक पुरावा पोरीपासून लपवला! तिच्या हातची प्रार्थना काढून घेतली आणि बदल्यात दिलं काय, तर काहीच नाही. राग येतो तो याचा.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तर नात रडकुंडीला आलेली. बोलण्याच्या नादात तिने मध्येच डोळे उघडले होते. आता आजोबांचं काय होणार? तो तिला घेऊन बाकावर बसला, खिशातून आपला रिपोर्ट काढला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"वाच. मागच्या महिन्यातली आहे ना? डाग तेव्हापासून आहे. तुझ्या डोळ्यांमुळे तो आला नाही आणि वाढणारही नाही."

पोरीने बोट फिरवत तारीख वाचली, पुन्हा वाचली. तिला पटलं. मग तिने मान वर केली.

"मग आईला का नाही दाखवलास आजीचा कागद?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला लेक बसली होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "रडली असती."

"रडलेच की," लेक म्हणाली. "आईला मीच मारलं, असं समजून रडले."

आतून नर्सने त्याचा नंबर पुकारला. तो उठला. त्याच्याबरोबर कुणी उठलं नाही.