शहाऐंशीवर अडलेला काटा

वैशाखऱ्याला, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वाल्मिकची भातगिरणी आहे. दिवसभर खुर्चीत बसून बटण दाबायचं, पोती उचलायला धर्मा हमाल, आणि लगीनसराईत कुणाच्या ना कुणाच्या हळदीला जाऊन मटणावर आडवा हात मारायचा, यात त्याची वीस वर्षं गेली. त्यातून जो माणूस तयार झाला तो त्र्याण्णव किलोचा होता. गिरणीतल्या पोत्यांच्या काट्यावर एकदा हौसेने उभा राहिला तेव्हा त्याने तो आकडा हसत हसत सगळ्यांना सांगितला होता. आता त्या हसण्याचीसुद्धा त्याला लाज वाटते.

कारण त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, अनिताच्या, दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा कल्याणला डायलिसिस. चार चार तास सुया टोचून पडायचं आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसायचं. तिच्या भावाचा रक्तगट जुळला नाही, मुलगी भूमिका अजून अकरावीत. जुळला तो वाल्मिकचा. डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटावर नजर थांबवली आणि म्हणाले, "ऐंशीच्या आत या. तोवर तुमची किडनी मी काढणार नाही. आणि दिवाळीच्या पुढे थांबू नका, हिचं हृदय थकत चाललंय."

गावात बातमी फुटली आणि वाल्मिकला माणसांचा वीट यायला लागला. जो तो समजावायला येई. "बायका देतात रे नवऱ्याला. नवऱ्यानं बायकोला दिल्याचं कुठं ऐकलंयस?" त्या डायलिसिसच्या खोलीत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. खाटेवर बहुतेक पुरुष, आणि त्यांना किडनी द्यायला निघालेल्या बायका नाहीतर आया. त्यांना समजवायला कुणी आलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ पंढरी तर चुलत्यांच्या देखत म्हणाला, "दादा, तू पडलास तर गिरणी कोन चालवील?" अनिता आत भांडी लावत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. वाल्मिकच्या डोक्यात तिडीक गेली.

भूमिकाने मुरबाडच्या जिमचं नाव काढलं. शाळेमागे पंचायतीने बसवलेली निळी-पिवळी यंत्रं होतीच, पण एकाचं पायडल तुटलेलं आणि दुसऱ्याला शेळी बांधलेली. वाल्मिक म्हणाला, "गिरनीत चालीस चालीस किलोची पोती पडलीत. अजून काय पायजे?" दुसऱ्या दिवशी त्याने धर्माला बाजूला केलं आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. तिसऱ्या पोत्याला तो तुसाच्या ढिगाजवळ गुडघ्यावर बसून ओकला. रात्रीचं मटण बाहेर पडलं. त्या आंबट वासाने त्यालाच शिसारी आली.

"शेट, पाठीनं उचलू नका," धर्मा म्हणाला. "खाली बसा, मांडीनं उठा. आन दम लागला की थांबा, शरम नाय त्यात."

मग धर्मा त्याचा गुरू झाला. पहाटे घाटाच्या दिशेने पुलापर्यंत चालत जायचं आणि यायचं, दिवसभर पोती दारापासून यंत्रापर्यंत स्वतः न्यायची, संध्याकाळी दोन भाकऱ्या आणि पालेभाजी. हळदीची आमंत्रणं त्याने तोंडावर नाकारली. एका मांडवात नाइलाजाने जावं लागलं तेव्हा तिथली तर्री, बोटं चाटणारी तोंडं, खुर्च्यांखाली टाकलेली हाडं बघून तो न जेवताच बाहेर पडला. वीस वर्षं आपण इथंच मांडी घालून बसत होतो!

दोन महिन्यांत तो शहाऐंशीवर आला. अनिता त्या दिवशी आजारपण विसरून हसली.

आणि मग काटा अडला. एक आठवडा गेला, दोन गेले. पोती तेवढीच, चालणं उलट वाढवलेलं, आणि काटा शहाऐंशीवर. एकदा तर शहाऐंशी किलो सातशे. पाच आठवडे झाले. कल्याणच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरच्या जेवणाव्यतिरिक्त काय खाता?" "काय नाय डॉक्टर." डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही, हे त्यांनी फाईल ज्या पद्धतीने मिटली त्यावरून कळलं. त्या दिवसापासून तो जेवायला बसला की अनिता त्याच्या ताटाकडे बघत राहायची.

उलगडा झाला तो मुरबाडच्या बाजारात. अनिताच्या गोळ्या घ्यायला तो मेडिकलमध्ये गेला, तर दुकानदार आपुलकीने म्हणाला, "पावडर लागू पडली का हो? पंढरीशेटनी तीन डबे नेले. आईंना म्हणे फार अशक्तपणा आलाय." आणि त्याने फळीवरचा डबा दाखवला. चॉकलेटच्या रंगाची, वजन वाढवायची पावडर. दुधातून रोज दोनदा.

त्याची आई, सकुबाई, साठी उलटून गेलेली, अजून डोक्यावर लाकडाचा भारा आणणारी बाई. तिला कसला अशक्तपणा? वाल्मिकच्या डोळ्यांसमोर आला तो रोज सकाळचा नाचणीच्या आंबिलीचा तांब्या. डॉक्टरांच्या कागदावर आंबील होती, ताक आणि मीठ घातलेली. तो शहाऐंशीवर आल्यावर ती करायचं आईने हौसेने स्वतःकडे घेतलं होतं. नाचणीच्या रंगात ती पावडर कुणाला दिसणार?

घरी येऊन त्याने डबे शोधले. तांदळाच्या कणगीमागे होते, दोन रिकामे, एक अर्धा. त्याने तो अर्धा डबा आईसमोर आपटला.

"आये, हे काय हाय?"

सकुबाई घाबरली नाही. पदर सावरून म्हणाली, "मीच घालते. तुपाबरबर. पंढरीनं आनून दिली. तू ऐंशीचा व्हशील आन ते तुला फाडतील. मी नऊ महिने पोटात वागवला तो काय तिच्यापायी कापायला? बायको दुसरी भेटल रे. मला पोरगा कुठून भेटल?"

हे सगळं तिने अशा मायेने म्हटलं की वाल्मिकला तिथे उभं राहवेना. आईच्या हाताची, त्या तांब्याची, घरातल्या प्रत्येक गोडधोडाची त्याला किळस आली. पंढरी दारात उभा होता, त्याने नजर चुकवली. त्याच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं, पण तोंडाला कोरड पडली होती.

दुसऱ्या दिवशी कल्याणला, डायलिसिसच्या खाटेशेजारी बसून त्याने अनिताला सगळं सांगितलं. सुई लावलेला हात न हलवता ती ऐकत होती. संपल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती रागावली असेल असं त्याला वाटलं, पण तिला उलट बरं वाटत होतं.

"मला वाटलं, तुमालाच द्यायची नाय," ती म्हणाली. "तोंडानं नाय म्हनवत नाय म्हनून चोरून खाता. मी मनात म्हटलं, जाऊ दे, भ्याले असतील. आईंनी केलं व्हय. बरं झालं."

इथेच गप्प बसला असता तर वाल्मिक सुटला असता. बायको सुखावली होती, सगळा दोष आईवर आणि भावावर जात होता. पण तिचं ते "बरं झालं" त्याला सोसेना.

"आंबील गोड लागायची," तो म्हणाला. "पयल्या दिवसापास्नं. ताकाची आंबील गोड कशी लागंल? मी एकदा बी इचारलं नाय. काटा हलला नाय की मला... आतून बरं वाटायचं. अजून एक आठवडा वाचलो, असं."

सुरीला आपण एवढे भ्यालो होतो, आणि ते भय आईच्या तांब्यात लपवून रोज पीत होतो. सकुबाईने निदान तोंडावर कबूल तरी केलं होतं. त्या खोलीत त्याला सगळ्यांत जास्त किळस आली ती स्वतःची.

अनिताने तोंड भिंतीकडे वळवलं. तीन तासांनी नर्सने सुया काढल्यावर ती म्हणाली, "घरी जाऊन आईंशी भांडू नका. तुमचं जेवान आता मी करीन."

आणि त्या बाईने केलं. धाप लागायची, तरी चुलीपुढे बसून दोन भाकऱ्या थापायच्या, त्याच्यापुढे ठेवायच्या आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोर बसून राहायचं. गप्पा नाहीत, हसणं नाही. वाल्मिक मान खाली घालून खायचा आणि पोती उचलायला जायचा. काटा खाली यायला लागला. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. नवरात्र संपता संपता एका सकाळी त्याने घरी येऊन सांगितलं, "ऐंशीच्या आत आलो."

अनिता उठली आणि भूमिकाच्या खांद्यावर हात ठेवून गिरणीपर्यंत चालत आली. आधी ती स्वतः काट्यावर चढली. तिचं वजन प्रत्येक डायलिसिसला करतात, त्यामुळे तिला ते पाठ असतं. सत्तेचाळीस किलो चारशे. "काल डायलिसिसनंतर सत्तेचाळीस व्हतं, वरचं चारशे ग्राम पिलेल्या पान्याचं," ती म्हणाली. "काटा बरोबर हाय. आता तुमी."

वाल्मिक चढला. ती वाकली आणि आकडा तिने स्वतः वाचला. एकोणऐंशी किलो सहाशे. धर्माने टाळी वाजवली, पण ती सरळ उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टरला फोन लावा. माझ्यासमोर लावा."