बाबांचे मागचे दोन टायर

नव्या टायरांचा वास आला की बाबांची चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी आठवते. वळताना ती बुडातून थडथडायला लागली, तेव्हा गिअरबॉक्स गेला समजून बाबा ती विकायला निघाले होते. पालीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. गाडी जॅकवर घेऊन त्याने सुतळीने टायरांचे घेर मोजले; मागचे दोन्ही टायर पुढच्यांपेक्षा दोन बोटं कमी भरले. “काका, नवे दोनच घातलेत ना? या गाडीत चारही सारखे लागतात, नाहीतर चाकं एकमेकांशी भांडतात.” “मागचे बरे होते, टाकवेनात,” बाबा पुटपुटले. मागे नवे बसले आणि गाडी घाटात गुमान वळली. जुने दोन डिकीत होते. आज मी माझ्या गाडीचे चारही एकदम बदलले. जुन्यांचं काय करायचं, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा मी डिकी उघडली.