साफ केलेली पांधण

आमच्या मंडळाला वर्गणी नव्हती, घटना नव्हती, कार्यालयही नव्हतं. रविवारी सकाळी कामठीच्या बसथांब्यावर जमायचं आणि चालायला लागायचं, एवढंच. सत्तरच्या दशकातल्या नागपुरात बाईनं पाठीवर पिशवी अडकवून पुरुषांबरोबर रानोमाळ हिंडायचं म्हटल्यावर शेजारणी नाकं मुरडायच्याच. मी शाळेत भूगोल शिकवत होते. नाक मुरडणारीला मी मुद्दाम थांबून, मोठ्यानं नमस्कार करायची. स्वभावच तसा, काय करणार!

आमचे प्रमुख रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते शिट्टी वाजवल्याशिवाय कुणाला हलू द्यायचे नाहीत. वर्षातून एकदा आम्ही नागपूरहून रामटेकला जायचो, दोन दिवस, मोठा रस्ता टाळून, सगळं पांधणींमधून. पांधण म्हणजे दोन शेतांमधून जाणारी, एक बैलबंडी जाईल एवढी वाट. दोन्ही बाजूंना बोरी, चिल्हाटी, असली काटेरी झुडपं. त्या वाटा दरवर्षी बारीक होत चालल्या होत्या. एखादा शेतकरी वखर हातभर पुढे सारायचा, पुढच्या वर्षी आणखी हातभर. असं कुठे दिसलं की काका गावात जायचे, ओट्यावर बसून चहा घ्यायचे, गोड बोलून वाट मोकळी करून घ्यायचे. वाट चालती राहिली की टिकते, हे त्यांचं ठाम मत होतं. आम्ही शहरातली नोकरदार माणसं रानात चालायचो त्यामागे एवढा एक चांगला हेतू होता, आणि त्याची आम्हाला जरा शेखीही होती.

कन्हान ओलांडल्यानंतरची एक पांधण मात्र काट्यांनी इतकी झाकली होती की साड्या फाटायच्या, सदरे फाटायचे. आपण ही साफ करूया, श्रमदान करूया, असं मीच सुचवलं. फेब्रुवारीतल्या तीन रविवारी आम्ही कोयते घेऊन गेलो. हात सोलून निघाले. पण तिसऱ्या रविवारी या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होतं. काकांनी लांब शिट्टी दिली, मी सगळ्यांना गुळपोळी वाटली. मंडळानं केलेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, असं मला मनापासून वाटलं.

पावसाळ्यात तिकडच्या काळ्या मातीत पाय ठेवणं अशक्य, म्हणून आम्ही दसऱ्यानंतरच परत गेलो. पांधण नव्हती. या शेतातून त्या शेतापर्यंत सलग कापूस उभा होता. आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटून मी पिशवीतून नकाशा काढला.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून एक बाई आली. पन्नाशीची असेल, लुगड्याचा काचा मारलेला, हातात विळा. तिचं शेत पांधणीच्या शेवटाला होतं, तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांची शेतं.

"तुमीच तोडल्या ना गा त्या बोऱ्या?" तिनं काकांना विचारलं.

"हो, आम्हीच. वाट साफ केली."

"काहून तोडल्या? कोनं सांगतलं होतं तुमाले? काटे होते म्हून वाट होती. काटे गेले, बाजूवाल्यानं वखर घातला. आता माहा कापूस निंगन कसा? बंडी काय उडवत नेऊ?"

 आयुष्यभर कुंपण हे अडवण्यासाठी असतं असं समजणाऱ्या आमच्यासारख्या माणसांनीच ही चूक करावी. गावातलं शेंबडं पोरही ती झुडपं तोडणार नाही, कारण तीच त्या वाटेची भिंत होती. मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, कल्पना माझी होती. चूक माझी आहे." तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुही आहे, तं मंग तूच सांग वं बाई, मी काय करू आता?"  

शेजारचा शेतकरीही काही राक्षस नव्हता. आम्ही त्याच्याकडे गेलो तर त्यानं बाज टाकली, पाणी दिलं. "धुरा दिसेच ना, तं बैलं गेले पुढं," म्हणाला. धुरा म्हणजे शेताचा बांध. थोडं खरं होतं, थोडं सोयीचं होतं. पटवाऱ्यानं सांगितलं की गावनकाशात ही पांधण नाहीच, ती नुसती वहिवाटीची आहे. जागेवर होती असं सिद्ध झालं तरच तहसीलचे साहेब मोकळी करून देतील.

मी अर्ज लिहिला, बाईनं अंगठा दिला. नायब तहसीलदारांना पाहणीला यायला डिसेंबर उजाडला. तोवर तिचा कापूस फुटून बोंडांतून लोंबायला लागला होता. एका रविवारी आम्ही बाराजण गेलो, म्हटलं, वेचलेला कापूस डोक्यावर धुऱ्याधुऱ्यानं काढून देतो. तिनं साफ नाही म्हटलं. "तुमचा हात लागू देत नाही आता माह्या कशाले." मला राग आला. तिचा नव्हे, स्वतःचा.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी आधी आम्हाला विचारलं. "तुम्ही किती वर्षं चालताय इथून?"

"दहाएक वर्षं," काका म्हणाले.

"मग दाखवा, पांधणीची कड कुठे होती?"

 दहा वर्षं आम्ही मधोमध चाललो होतो, गप्पा मारत, पाखरं बघत. कड कुणीच पाहिली नव्हती. मी, भूगोलाची बाई, हात उगाच इकडे तिकडे करत राहिले. शेजारच्या शेतकऱ्यानं मान वळवून हसू लपवलं.

मग ती पुढे झाली. कापसाच्या ओळींतून ती हळूहळू चालायला लागली, पायानं मातीला टोचत. "इथं बोर होती, गोड. इथं चिल्हाटी. इथं दोन बोऱ्या जोडीनं होत्या, बंडीचं चाक घासे त्याईले." अशा तिनं दोन्ही बाजूंच्या सतरा-अठरा जागा दाखवल्या. साहेबांनी कोतवालाला कुदळ मारायला लावली. पहिल्याच ठिकाणी वीतभर खाली बोरीचं जाडजूड मूळ लागलं. दुसऱ्या ठिकाणीही लागलं. मुळं खणून काढायला लागतो तेवढा दम आमच्या हातांत नव्हता, म्हणून आम्ही फेब्रुवारीत सगळं वरवर तोडलं होतं. आमचा तो कामचुकारपणा तेवढा तिच्या कामी आला. कोतवालानं एकेका मुळाशी खुंटी ठोकली, आणि अर्ध्या तासात दोन सरळ रांगा उभ्या राहिल्या. शेजारचा शेतकरी म्हणाला, "हो, इथंच होती." आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

साहेब वाट लगेच मोकळी करायला निघाले, तर तिनंच त्यांना थांबवलं. "त्याचा कापूस वेचू द्या आधी. उभं पीक कसं तुडवू मी?" तिचा स्वतःचा वेचलेला कापूस शेतातच ढीग लावून पडला होता, तरी ती हे म्हणाली. मला तिथेच रडू कोसळलं. पटवाऱ्यानं अवघडून मला पाणी दिलं.

जानेवारीत तिची पहिली बंडी निघणार असं कळलं तेव्हा मंडळ झाडून सगळं गेलं. काकांनी सीताबर्डीहून झेंडूचा हार आणला होता. आम्ही खुंट्यांच्या दोन रांगांमध्ये, वाटेच्या मधोमध, स्वागताला उभे राहिलो. बंडी आली. कापसानं शिगोशिग भरलेली, दोन्ही चाकं बरोबर दोन्ही कडांना लागून. ती वर बसून बैल हाकत होती. काका हार घेऊन पुढे झाले. तिनं बैल थांबवले नाहीत.

"बाजूले सरका गा," ती ओरडली, "बंडी येऊन राहिली, दिसत नाही काय?"

आम्ही बारा माणसं धडपडत दोन्ही बाजूंच्या ढेकळांत उतरलो. काकांच्या हातातला हार तसाच राहिला. बंडी आमच्यामधून गेली, माझ्या पदराला कापूस चिकटला, आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. बंडी पांधणीच्या टोकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत आमच्यातलं कुणीही पुन्हा वाटेवर चढलं नाही.